पेटीतली माणसं

१९२९ साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची चौदावी आवृत्ती निघाली. जगभरच्या प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या त्या जाडजूड खंडांमध्ये सिनेमातल्या रंगभूषेवरही मजकूर आहे, आणि तो लिहिणारा माणूस चौथीतच शाळा सुटलेला एक नट होता. त्याचं नाव लॉन चेनी. नेमणूक मात्र अगदी चोख होती. त्या काळात चेहऱ्यावर रंग चढवून कॅमेऱ्याला फसवण्याची विद्या त्याच्याइतकी कुणालाच आली नव्हती.

चेनी सिनेमात काम करू लागला १९१३च्या सुमारास आणि वारला १९३० साली. या सतरा-अठरा वर्षांत त्याने दीडशेच्या वर चित्रपट केले. सुरुवातीचे बरेचसे एकदोन रिळांचे, पण नंतरचे मोठे. त्यांत तो कुबडा झाला, दोन्ही पाय तुटलेला गुंड झाला, हात नसलेला सुरीफेक्या, समुद्री चाचा, विदूषक, शंभरीतला चिनी म्हातारा आणि पोपट विकणारी आजीबाईसुद्धा झाला. अमेरिकेत त्याला ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणत. तिथे एक विनोदही फार चालायचा: भिंतीवरच्या कोळ्याला उगाच चिरडू नका, तो लॉन चेनी असायचा!

आता त्याचे काही चित्रपट यूट्यूबवर सहज सापडतात. ते पाहताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. लोक त्याच्या चेहऱ्यांबद्दल बोलतात, पण चेनीची खरी कमाल चेहऱ्यावर संपत नाही. रंग लावून कुणीही भेसूर दिसेल. त्या रंगाखालचा माणूस कसा बसेल, कसा वळेल, हात कुठे ठेवेल, हे ठरवणं अवघड. चेनीला ते लहानपणापासून येत होतं, आणि त्यामागे त्याच्या घरची परिस्थिती होती.

तो जन्मला १ एप्रिल १८८३ रोजी, कोलोरॅडो राज्यातल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी. वडील न्हावी. आई आणि वडील दोघेही कर्णबधिर. आईच्या वडिलांनी तर त्याच गावात १८७४ साली कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली होती, ती आजही चालू आहे. त्यामुळे घरात बोलणं म्हणजे हात, बोटं, भुवया आणि खांदे. लॉन नऊदहा वर्षांचा असताना आई संधिवाताने अंथरुणाला खिळली. या मुलाने शाळा सोडली आणि आईची शुश्रूषा, धाकट्या भावंडांचं हवं-नको सगळं अंगावर घेतलं. दिवसभरात गावात काय झालं, कोण भेटलं, कुणाचं भांडण जुंपलं, हे तो संध्याकाळी आईला करून दाखवायचा. आईला ऐकू येत नव्हतं, म्हणजे आवाजाची नक्कल कामाची नव्हती. शेजारचा माणूस त्याच्या चालीवरून आणि मान हलवण्याच्या लकबीवरूनच ओळखू यायला हवा. मूकपटांच्या नटाला यापेक्षा चांगली तालीम मिळणं कठीण.

पुढे त्याने पाहुण्यांना पाइक्स पीक या डोंगरावर फिरवण्याचं काम केलं, गालिचे अंथरले, भिंतींना कागद चिकटवले आणि गावातल्या नाट्यगृहात सामानसुमान हलवणारा पोऱ्या म्हणूनही राबला. १९०२च्या सुमारास तो स्वतःच फिरत्या नाटक मंडळीत शिरला. नाचणं, विनोदी कामं, सामान बांधणं, वेळ पडली तर व्यवस्थापन, सगळंच. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांचे दिवस वाचलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. रंगपटात नट आपला चेहरा आपणच रंगवायचा. मिशी चिकटवायची, टोप बसवायचा, प्रयोग संपला की खोबरेल किंवा तसलंच काही चोळून सगळं उतरवायचं. स्वतंत्र रंगभूषाकार ठेवणं कुठल्या फिरत्या कंपनीला परवडणार?

सिनेमात तो आला तो हौसेने नव्हे. त्याची पहिली बायको क्लेव्हा गायिका होती आणि संसार विस्कटत चालला होता. एप्रिल १९१३मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्या नाट्यगृहात चेनी काम करत होता तिथेच तिने विष घेतलं. ती वाचली, पण गळा कायमचा गेला. या प्रकरणाचा गवगवा झाल्यावर नाटकाची दारं चेनीसाठी बंद झाली. तिथून जवळ होतं ते सिनेमाचं नवं, जरा हलकं मानलं जाणारं जग. तो युनिव्हर्सल कंपनीत रोजंदारीवर उभा राहू लागला.

इथे त्याची रंगपेटी पोटापाण्याला आली. स्टुडिओच्या आवारात फुटकळ नट सकाळपासून वाट बघत बसायचे. दिग्दर्शकाचा माणूस येऊन विचारायचा, आज एक खलाशी हवाय, एक म्हातारा हवाय, एक मेक्सिकन दरोडेखोर हवाय. ज्याला तसं दिसता येईल त्याची रोजी पक्की. चेनी पेटी घेऊन कोपऱ्यात जायचा आणि मागितलेला माणूस होऊन परत यायचा. पुढे लोकांनी याला कला वगैरे म्हटलं, पण सुरुवातीला तो सरळसरळ रोजगाराचा मामला होता.

त्या वेळच्या कॅमेऱ्यात जी फिल्म घालत ती रंगांच्या बाबतीत अर्धी आंधळी होती, हे समजल्याशिवाय चेनीच्या कामाची अवघडता कळत नाही. तिला ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म म्हणत. तिला निळा रंग फार दिसायचा आणि तांबडा अजिबात दिसायचा नाही. निळं आकाश पडद्यावर पांढरंफटक, आणि लाल ओठ काळेकुट्ट. गालावरचा निरोगी तांबूसपणा घाणीच्या डागासारखा उठायचा. फिकट निळ्या डोळ्यांचा नट तर कधीकधी बुबुळं नसल्यासारखा दिसे. त्यामुळे आरशात जे छान दिसतं ते पडद्यावर तसं दिसेल याची काही खात्री नसायची. नटाला आरशात बघून मनातल्या मनात उलटा हिशेब करावा लागे: इथे लाली लावली तर तिथे खड्डा दिसेल, इथे फिकट पिवळा लावला तर हाड वर येईल. चेनीने हा हिशेब इतका पक्का केला होता की तो ब्रशने चेहऱ्यावर उंचवटे आणि खळगे ‘कोरायचा’. प्रत्यक्षात तिथे काहीही नसायचं. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग पाहू शकणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, आणि जुने सगळे आडाखे बदलले. चेनीने तेही नव्याने बसवले.

हाच हिशेब जगात सगळीकडे चालू होता. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, त्या अडचणीतून ही किमया घडली. नाशिकचा असो की हॉलिवूडचा, पडद्यावर दुसरा माणूस व्हायचं तर हाताशी साधनं थोडीच होती.

चेनीच्या पेटीत काय होतं? ग्रीसपेंटच्या कांड्या होत्या. रंगद्रव्य चरबीत कालवून केलेला हा रंग जर्मनीत एकोणिसाव्या शतकात लुडविग लाइशनर या गायक-नटाने लोकप्रिय केला होता. तो नाटकासाठी ठीक, पण सिनेमाच्या जवळून घेतलेल्या दृश्यात जाड थरासारखा दिसायचा आणि भेगाळायचा. मॅक्स फॅक्टर या पोलंडहून आलेल्या टोप बनवणाऱ्याने १९१४ साली सिनेमासाठी पातळ, लवचीक ग्रीसपेंट काढलं. याच फॅक्टरच्या कंपनीचं ‘पॅनकेक’ पुढे आपल्याकडच्या मेकअपमनच्या डब्यातही येऊन बसलं. याशिवाय पेटीत नाकाला आकार देण्याची पुट्टी, दाढीमिशांसाठी क्रेपचे केस, ते चिकटवायला स्पिरिट गम, कापूस, माशाची कातडी आणि कोलोडियन.

शेवटच्या दोन वस्तू नीट समजून घेण्यासारख्या आहेत. कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्राव. मुळात तो डॉक्टर लोक जखमेवर लावायचे. त्वचेवर फासला की ईथर भुर्रकन उडून जातं आणि मागे एक पारदर्शक पापुद्रा उरतो. तो सुकताना आक्रसतो आणि खालची कातडी ओढून घेतो, म्हणजे जुन्या वाराचा वण हुबेहूब तयार. कापसाचे पातळ थर आणि कोलोडियन आलटून पालटून लावत गेलं की गालाचं हाड हवं तेवढं वर आणता येतं. माशाची कातडी म्हणजे पातळ, मजबूत, जवळजवळ पारदर्शक पट्टी. ती गमने चिकटवून डोळ्याचा कोपरा किंवा नाकाचा शेंडा हवा तिकडे ओढून बांधायचा आणि वरून रंग लावायचा. आज फोम लॅटेक्सचे तयार मुखवटे मिळतात, पण ते आले १९३०च्या दशकाच्या अखेरीस. चेनीला प्रत्येक दिवशी पहाटे पहिल्यापासून सगळं करावं लागे, आणि कालचा गाल आणि आजचा गाल तंतोतंत जुळावा लागे. नाही जुळला तर एकाच प्रसंगात पात्राचा चेहरा बदललेला दिसणार.

नाव मिळालं ते १९१९च्या ‘द मिरॅकल मॅन’मधून. त्यात तो लुळ्यापांगळ्याचं सोंग घेऊन लोकांना फसवणारा भामटा होता. एका बाबाच्या ‘चमत्काराने’ त्याचे वाकडे हातपाय एकेक करून सरळ होतात, तो प्रसंग लोकांनी डोक्यावर घेतला. या चित्रपटाचे आता फक्त काही तुकडे उरले आहेत, पण त्यात हा प्रसंग आहे. रंगभूषा जवळजवळ नाहीच. सगळं काम सांध्यांचं.

पुढच्याच वर्षी ‘द पेनल्टी’ आला. डॉक्टरच्या चुकीमुळे लहानपणी दोन्ही पाय गमावलेला मुलगा मोठा होऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या गुंडांचा म्होरक्या होतो आणि सूड घ्यायला निघतो, अशी कथा. चेनीने पाय गुडघ्यात पूर्ण दुमडून टाचा मांड्यांना टेकवल्या, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधल्या आणि गुडघे लाकडी खोबणींत घातले. मागे दुमडलेली पावलं दिसू नयेत म्हणून कोट ढगळ आणि लांब शिवला. यातलं वेशभूषेचं डोकं बघण्यासारखं आहे. कोट पात्राला शोभेसा तर हवाच, पण त्याची प्रत्येक चुणी काहीतरी लपवत असते. रक्तप्रवाह अडल्यामुळे ते बांधलेले पाय एका वेळी थोडीच मिनिटं सोसवत. मग सोडवायचे, चोळायचे आणि पुन्हा बांधायचे. या अवस्थेत तो पडद्यावर कुबड्या टाकून गुडघ्यांवर चालतो, भिंतीतल्या खुंट्यांना धरून हातांच्या जोरावर वर चढतो, उंचावरून खाली उडी घेतो. पाहताना आपणही आपले गुडघे जरा चाचपून बघतो.

१९२३च्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ने त्याला जगभर नेलं. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या क्वासिमोदोचं वर्णन समोर ठेवून त्याने त्याचा चेहरा जुळवला. एक डोळा पुट्टीने बुजवला, गालफडं कापूस-कोलोडियनने फुगवली, तोंडात वेडेवाकडे दात बसवले, अंगभर केस. पाठीवर प्लास्टरचं कुबड. हे कुबड सत्तर पौंडांहून जड होतं असं स्टुडिओच्या जाहिरातवाल्यांनी छापलं आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच छापलं जातं. अभ्यासकांच्या मते प्रत्यक्ष वजन त्यापेक्षा बरंच कमी होतं, आणि चित्रपट पाहिला की पटतं. देवळाच्या दर्शनी भिंतीवरून माकडासारखा उतरणारा माणूस अंगावर तीस किलोंचं ओझं घेऊन तसा उतरणं शक्य नाही. चेनीच्या हालअपेष्टांच्या अशा कितीतरी कथा फुगवलेल्या आहेत. त्याला त्रास झाला हे खरं, पण तो मूर्ख नव्हता. तो कारागीर होता, आणि कारागीर हत्याराने स्वतःचा हात कापून घेत नाही.

तरीही १९२५च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मधल्या चेहऱ्यासाठी त्याने थोडं रक्त सांडलं असावं. कॅमेरामन चार्ल्स व्हॅन एंगर यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार नाक वर ओढून धरणाऱ्या तारेमुळे रक्त यायचं. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या तळघरात राहणारा, कवटीसारख्या तोंडाचा एरिक ही गास्ताँ लरू यांच्या कादंबरीतली व्यक्तिरेखा. जिवंत माणसाच्या चेहऱ्याची कवटी करायची कशी? कवटीला नाक नसतं, आणि रंगभूषेत वस्तू वाढवता येते, काढून टाकता येत नाही. चेनीने नाकाचा शेंडा वर ओढून बांधला, त्यामुळे समोरून नाकपुड्यांची भोकं दिसू लागली. त्यांच्या कडांना काळा रंग लावून ती आणखी मोठी केली. आरशात हा फक्त वर उचललेला नाकाचा शेंडा. पडद्यावर मात्र नाकाच्या जागी खड्डा. गालाची हाडं वर आणली, डोळ्यांच्या खोबणी काळ्या केल्या आणि खालच्या कडेला फिकट रेघ ओढली, म्हणजे डोळे आत गेलेले दिसतील. कान मागे चिकटवले. डोक्यावर टकलाचा टोप, त्यावर चार बटा. खोटे दात असे बसवले की ओठ मिटणारच नाहीत.

स्टुडिओने चित्रपट लागेपर्यंत या चेहऱ्याचं एकही छायाचित्र बाहेर जाऊ दिलं नाही. त्यामुळे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला तो पहिल्यांदा दिसला तो मुखवटा निघतो त्याच क्षणी. आणि तो क्षण रचलाही हुशारीने आहे. एरिक ऑर्गन वाजवत बसलाय, तोंड आपल्याकडे. नायिका मागून हळूच येते आणि मुखवटा ओढते. म्हणजे चेहरा आधी आपल्याला दिसतो, तिला नाही. आपण दचकतो, आणि मग तो तिच्याकडे वळतो. तिच्यावर चालून जाताना त्याची प्रतिमा किंचित अस्पष्ट होते, जणू पाहणारीच्याच डोळ्यांपुढे अंधारी येतेय. लोक थिएटरात बेशुद्ध पडल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्यातल्या किती खऱ्या आणि किती जाहिरातीच्या, देव जाणे. पण शंभर वर्षांनी, अंगठ्याएवढ्या मोबाइलच्या खिडकीतही तो चेहरा दचकवतो, हे मी छातीठोकपणे सांगेन.

त्या दृश्यात मला चेहऱ्याइतकेच त्याचे हात महत्त्वाचे वाटतात. मुखवटा निघाल्यावर एरिक बोट उगारून तिला दटावतो, मग स्वतःच्याच तोंडावर हात घेतो. रागाच्या आणि लाजेच्या मधला तो क्षण हातांनी सांगितलाय. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या त्या खोलीत आईसमोर बसून शिकलेली भाषा इथे आली आहे.

त्याच वर्षी दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगबरोबर ‘द अनहोली थ्री’ आला. त्यात चेनी जत्रेतला शब्दभ्रमकार, जो आजीबाईच्या वेषात पोपटांचं दुकान थाटतो आणि श्रीमंत गिऱ्हाइकांची घरं हेरून लुटतो. मराठी माणसाला इथे ‘तो मी नव्हेच’चा लखोबा आठवणारच. प्रभाकर पणशीकरांनी जसे एकाच ठकाचे निरनिराळे अवतार उभे केले, तसाच हा पेच: नटाने असा माणूस रंगवायचा जो स्वतःच नट आहे. प्रेक्षकाला आजीबाई खरी वाटली पाहिजे, आणि आजीबाईच्या आत दडलेला चोरही अधूनमधून दिसला पाहिजे. चेनीने यासाठी फार रंग वापरला नाही. पांढरा टोप, चष्मा, शाल आणि खांद्यांचा बाक. दुकानात कुणी नसलं की तोच बाक झटक्यात सरळ होतो, आणि झगा तसाच असूनही समोर पुरुष उभा असतो.

ब्राउनिंगबरोबरचा १९२७चा ‘द अननोन’ हा मला त्याचा सगळ्यात विलक्षण चित्रपट वाटतो. सर्कशीत पायांनी सुऱ्या फेकणारा, हात नसलेला अलोन्झो. खरं तर त्याला हात आहेत. पोलिसांना चुकवायला त्याने ते आवळपट्ट्याने अंगाला बांधून ठेवलेत. नायिका जोन क्रॉफर्ड, तेव्हा अगदी नवखी. तिला पुरुषांच्या हातांचीच शिसारी असते, म्हणून अलोन्झो काय करतो ते इथे सांगत नाही. पायाने सिगारेट पेटवणं, पेला उचलणं अशा बऱ्याच दृश्यांत खऱ्याखुऱ्या हात नसलेल्या एका माणसाचे पाय वापरले आहेत आणि चेनीचं धड-तोंड वर जुळवलंय. सांधा कुठे आहे ते शोधून सापडत नाही. चेहऱ्याला रंग जवळजवळ नाही. पण सत्य कळल्यावर त्या उघड्या चेहऱ्यावर हसू आणि हंबरडा एकत्र येतात, ते पाहिल्यावर फँटमचा मुखवटा सौम्य वाटू लागतो.

सगळंच काही कौतुकाचं नाही. ‘मिस्टर वू’ या १९२७च्याच चित्रपटात तो चिनी सरदार झाला आणि त्याचा शंभरीचा आजोबाही. कारागिरी म्हणून आजोबाचा चेहरा थक्क करतो: कापूस-कोलोडियनच्या सुरकुत्या, माशाच्या कातडीने ओढलेले डोळे, फिल्मच्याच पट्ट्या कापून रंगवून केलेली लांबलचक नखं. पण याच चित्रपटात ॲना मे वाँग ही खरीखुरी चिनी वंशाची अभिनेत्री दुय्यम कामात आहे, आणि चिनी नायिकेचं काम करतेय फ्रेंच रेने आदोरे. गोऱ्या नटाने डोळे ओढून चिनी व्हायचं आणि चिनी बाईने मागे उभं राहायचं, ही त्या काळच्या हॉलिवूडची रीत होती. चेनीने आपली पात्रं चेष्टेची केली नाहीत, त्यांना दुःख आणि अब्रू दिली, हे त्याच्या बाजूने सांगता येतं. तरी आज तो चेहरा पाहताना कारागिरीच्या कौतुकात खडा लागतोच.

‘लंडन आफ्टर मिडनाइट’ मात्र पाहायलाच मिळत नाही. उंच हॅट, करवतीसारखे दात आणि डोळे फाडून बसलेला रक्तपिपासू. डोळे तसे उघडे राहावेत म्हणून खोबणीत बारीक तारेची कडी बसवलेली. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६०च्या दशकात एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. छायाचित्रं तेवढी उरली, आणि त्यांच्यावरून भयपटांच्या शौकिनांनी एक अख्खी दंतकथा उभी केली आहे. चेनीच्या चित्रपटांतले शंभराहून अधिक असेच गेले. कधीकधी एखादा सापडतोही. तो फॅगिन झालेला १९२२चा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ सत्तरच्या दशकात युगोस्लाव्हियात मिळाला.

एवढे चेहरे करणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा दाखवायची फारशी हौस नव्हती. तो मुलाखती टाळायचा, समारंभांना जायचा नाही, सुट्टी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरात मासे धरायला. तिथे बिग पाइनजवळ त्याने दगडी खोपटं बांधलं, त्याचा आराखडा पॉल विल्यम्स या नामांकित कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केला होता. गंमत अशी की त्याच्या मोठ्या यशांपैकी एक, १९२६चा ‘टेल इट टू द मरीन्स’, त्याने कसलाही रंग न चढवता केला. कडक शिस्तीचा, मनातून हळवा सार्जंट. नौसैनिकांना तो इतका आपला वाटला की मरीन दलाने त्याला मानद सदस्य करून घेतलं.

बोलपट आले तेव्हा चेनी बिचकला. हजार चेहरे आहेत, पण आवाज एकच, असं लोक म्हणाले तर? अखेर १९३०मध्ये त्याने ‘द अनहोली थ्री’च पुन्हा केला, बोलका. त्यात शब्दभ्रमकार, आजीबाई, बाहुला, पोपट आणि एक मुलगी असे पाच आवाज त्याचेच होते, आणि ते खरोखर त्याचेच आहेत असं प्रतिज्ञापत्र त्याने नोटरीसमोर करून दिलं. स्टुडिओने ते जाहिरातीत मिरवलं. हा त्याचा पहिला आणि शेवटचा बोलपट. त्याला श्वासनलिकेचा कर्करोग झाला होता. चित्रीकरणातला खोटा बर्फ घशात अडकून हा आजार झाला अशी कथा सांगतात, पण तो सिगारेटी खूप ओढायचा हे अधिक पटणारं कारण आहे. अखेरीस बोलणं बंद झाल्यावर तो खुणांनीच सांगायचा, असं घरच्यांनी सांगितलंय. २६ ऑगस्ट १९३० रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. मरीन दलाने अंत्यविधीला मानवंदनेची तुकडी पाठवली. ती रंगपेटी आता लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

त्याचा मुलगा क्रेटन वडील असेपर्यंत सिनेमापासून लांब होता. नंतर तो नट झाला, आणि निर्मात्यांच्या आग्रहाने ‘लॉन चेनी ज्युनिअर’ हे नाव त्याला घ्यावं लागलं. १९४०च्या ‘वन मिलियन बी.सी.’मध्ये आदिमानवाचा चेहरा वडिलांसारखा स्वतःच रंगवायचं त्याच्या मनात होतं, पण तोवर स्टुडिओंत रंगभूषाकारांचे स्वतंत्र विभाग आणि त्यांची संघटना झाली होती. नियमाने नटाला ते काम करता येईना. पुढे युनिव्हर्सलमध्ये जॅक पिअर्स या रंगभूषाकाराच्या खुर्चीत तासन् तास बसून, तोंडावर याकचे केस चिकटवून घेत तो ‘द वुल्फ मॅन’ झाला. पाठोपाठ फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ममी आणि ड्रॅक्युलाच्या घराण्यातला काउंट, असे त्या स्टुडिओचे चारही मोठे भयावतार त्याने केले. चेहऱ्यांवरचं काम मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातचं होतं.